मालव्याच्या काळ्या मातीत मेटल डिटेक्टर: कॉइल कोणती, किलोहर्ट्झ किती

इंदुरात डिटेक्टर घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला: किती खोल जाईल? विकणाऱ्याचं उत्तरही ठरलेलं: मोठी कॉइल (दांडीच्या टोकाची चकती) लावा, मीटरभर जाईल. वाळूत किंवा बडोद्याकडच्या विश्वामित्रीकाठच्या गाळाच्या जमिनीत मोठ्या कॉइलने थोडी जास्त खोली खरंच मिळते. इंदूरजवळच्या सांवेर, देपालपूर, महूच्या काळ्या मातीत मात्र बरेचदा उलटं होतं. पंधरा इंची कॉइल नुसती किरकिरत राहते आणि त्याच जागी सहा इंची कॉइल स्वच्छ आवाज देऊन अंगठी दाखवते. म्हणून निवड करताना खोलीचा प्रश्न शेवटी ठेवावा. आधी वस्तू कोणती ते ठरवावं, मग ती कुठल्या मातीत पडली आहे ते पाहावं, मग जागेवर लोखंडी कचरा किती आहे ते.

वस्तूप्रमाणे फ्रिक्वेन्सी

डिटेक्टरच्या कॉइलमध्ये खरं तर दोन वेटोळी असतात. एकातून सतत बदलता प्रवाह जातो. त्याचं चुंबकी क्षेत्र जमिनीत शिरतं आणि धातूत भोवऱ्यासारखे छोटे प्रवाह उठवतं. या प्रवाहांचं स्वतःचं क्षेत्र दुसरं वेटोळं पकडतं. पहिल्या वेटोळ्यातला प्रवाह सेकंदाला पुढे-मागे असे किती हजार पूर्ण फेरे करतो, ती त्याची फ्रिक्वेन्सी, आणि तो आकडा म्हणजे किलोहर्ट्झ.

जाड चांदीच्या रुपयात उठलेले प्रवाह सहज टिकतात, त्यामुळे ५ किलोहर्ट्झची संथ चालही त्याला पुरते. नथीच्या बारीक तारेत ते उठता उठता विरतात. क्षेत्र फार झपाट्याने बदललं तरच त्यांची काही नोंद होते, म्हणून तिथे ४० किलोहर्ट्झ लागतात. ढोबळ मानाने ३ ते ८ किलोहर्ट्झ चांदी, तांबं आणि मोठ्या वस्तूंसाठी, १० ते २० सर्वसाधारण कामासाठी, आणि ३० च्या वर बारीक सोन्यासाठी. बाजारातल्या मशिनांची विभागणी साधारण अशीच आहे. गॅरेट एस २५० हे ६.५ किलोहर्ट्झवर चालतं, नोक्ता सिम्प्लेक्स १२ वर, गॅरेट एटी प्रो १५ वर, माइनलॅब गोल्ड मॉन्स्टर ४५ वर आणि फिशर गोल्ड बग २ तर ७१ वर. माइनलॅब इक्विनॉक्स ८०० मध्ये ५, १०, १५, २० आणि ४० यांपैकी एक निवडता येते, किंवा एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी चालवता येतात.

"लो फ्रिक्वेन्सी मातीत जास्त खोल शिरते" हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. माती लहर शोषून घेते अशी त्यामागची समजूत असते, आणि ती चुकीची आहे. १० किलोहर्ट्झला ओलसर काळ्या मातीतही लहर विरायला दहाएक मीटर लागतात. आपलं काम वीतभराचं आहे, तिथे हे शोषण हिशोबात धरण्याइतकंही नसतं. लो फ्रिक्वेन्सीवर जुना रुपया बरा दिसतो याचं कारण रुपया स्वतः त्या फ्रिक्वेन्सीला चांगला जबाब देतो आणि मातीचा गोंगाट कमी असतो. तीच लो फ्रिक्वेन्सी घेऊन शेतात सोनसाखळी शोधाल तर माती कितीही "आरपार" झाली तरी साखळी दिसणार नाही.

दागिन्यांचं थोडं तपशिलात सांगायला हवं, कारण मराठी घरातून येणारी निम्मी विचारणा त्याचीच असते, आणि "सोनं आहे" एवढ्या माहितीवर मशीन लावता येत नाही. डिटेक्टरला धातूइतकाच आकार महत्त्वाचा असतो.

अंगठी म्हणजे बंद कडं. प्रवाहाला फिरायला पूर्ण वाट मिळते, त्यामुळे दोन ग्रॅमची अंगठीही १२ ते १५ किलोहर्ट्झवर ठसठशीत आवाज देते. बांगडी, पाटली, तोडे कुठल्याही मशीनला दिसतात. पण अंगठी मागून कापलेली किंवा झिजून तडकलेली असली की कडं तुटतं आणि आवाज एकदम पडतो. जोडव्यांचं असंच. ती उघडी असतात, म्हणून चांदीची असूनही मशीनच्या पडद्यावर (जिथल्या आकड्यावरून धातू ओळखायचा) अपेक्षेपेक्षा हलका आकडा दाखवतात.

साखळी सगळ्यात फसवी. दहा ग्रॅमची चेन म्हणजे मशीनला दहा ग्रॅमचं सोनं दिसत नाही, शेकडो सुट्या कड्या दिसतात. प्रत्येक कडीचा इशारा वेगळा आणि नगण्य. बरेचदा चेनपेक्षा तिचा फासाच आधी वाजतो. मंगळसूत्रात काळे मणी आणि बारीक तार सोडून द्यावी, वाट्यांवर भिस्त ठेवावी. वाटी पत्र्याची असते पण तिला गोल कड असते, आणि १५ ते २० किलोहर्ट्झवर ती बऱ्यापैकी येते. नथ आणि कुडी यांच्यासाठी ४० किलोहर्ट्झ आणि पाच-सहा इंची कॉइल. याहून कमी साधनाने नथ शोधायला बसू नये, चाळणी घेऊन बसलेलं बरं. पैंजण वजनदार असला तरी साखळीच, त्याचे घुंगरू आणि पेच वाजतात.

तेव्हा शोधायला जाण्याआधी विचारून घ्यावं: तुटून पडलं की निसटून, फासा लागलेला होता का, अंगठी मोठी-लहान करताना कधी कापली होती का. या उत्तरांवर फ्रिक्वेन्सी ठरते.

आणखी एक खोच नाण्यांची. आजची एक आणि दोन रुपयांची नाणी फेरिटिक स्टेनलेस स्टीलची आहेत, चुंबकाला चिकटतात. नदीच्या घाटांवर मुलं दोरीला चुंबक बांधून नाणी काढतात ती याचमुळे. लोखंड गाळण्यासाठी डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूंचे आवाज बंद करणारी सेटिंग) चढवलं की ही नाणीही गळतात. परदेशी व्हिडिओ पाहून केलेली सेटिंग इथे म्हणूनच फसते, त्यांची बरीच नाणी तांब्या-निकेलची असतात. १८३५ ते १९३९ मधला चांदीचा रुपया मात्र ११.६६ ग्रॅमचा, जवळपास ९२ टक्के चांदीचा. तो लो फ्रिक्वेन्सीवर पडद्यावरच्या मोजपट्टीच्या अगदी वरच्या टोकाला बसतो. हाय फ्रिक्वेन्सीवरही तो सापडतो, पण तिथे तांबं, चांदी, जाड ॲल्युमिनियम सगळे एकाच आकड्याजवळ गर्दी करतात आणि काय आहे ते ओळखता येत नाही.

काळी माती मशीनला काय करते

मालव्याचं पठार बेसॉल्टचं. त्या खडकात मॅग्नेटाइट हे चुंबकी लोहखनिज असतं, आणि खडक झिजून झालेल्या काळ्या मातीत ते उतरतं. मॅग्नेटाइटचा जबाब धातूसारखा नसला तरी तो सगळीकडून येतो आणि कॉइलखाली जितकी जास्त माती तितका मोठा येतो. मोठी कॉइल मोठा ढीग माती एकदम पाहते, हे तिचं मुख्य दुखणं.

खोलीचा हिशोबही कडक आहे. कॉइलपासून लांब गेलं की क्षेत्र अंतराच्या घनाने कमी होतं, आणि धातूकडून परत येणारा इशाराही घनाने कमी होतो. दोन्ही मिळून सहावा घात. वस्तू दुप्पट खोल गेली की इशारा चौसष्टाव्या भागावर येतो. फक्त दहा टक्के जास्त खोली हवी असेल तर पावणेदोन पट ताकद लागते. सेन्सिटिव्हिटीचं (मशीनने किती बारीक इशारा पकडावा त्याचं) बटण शेवटपर्यंत फिरवून काही हाती लागत नाही ते यामुळेच. इशाऱ्याबरोबर मातीचा गोंगाटही तेवढाच वाढतो. काळ्या मातीत सेन्सिटिव्हिटी कमाल पातळीपासून दोन-तीन घरं खाली ठेवलेलं मशीन जास्त खोल चालतं. ऐकायला उलटं वाटतं, पण चालवून पाहणाऱ्याला पटतं.

कॉइलचा आकार आणि माप

कॉन्सेंट्रिक कॉइलमध्ये एक वेटोळं दुसऱ्याच्या आत असतं. तिचं क्षेत्र खाली निमुळतं होत जातं, वस्तू नेमकी मध्याखाली असते, जागा पकडायला सोपी. पण ती माती जास्त पाहते. वाळूच्या किंवा स्वच्छ गाळाच्या जमिनीत तिच्यासारखी दुसरी नाही, काळ्या मातीत तिला घेऊ नये. डबल-डी कॉइलमध्ये इंग्रजी डीच्या आकाराची दोन वेटोळी पाठीला पाठ लावून थोडी एकमेकांवर चढलेली असतात. जिथे ती चढतात ती समोरून मागे जाणारी अरुंद पट्टीच काय ती पाहते. माती कमी, गोंगाट कमी. इंदूरच्या आसपास एकच कॉइल घ्यायची असेल तर डबल-डी, यावर फार चर्चा करण्यासारखं काही नाही.

मापाबद्दल मात्र आहे. ११ इंची डबल-डी मोकळ्या शेतासाठी ठीक. काळ्या मातीत ती चांदीचा रुपया वीतभर खोलीपर्यंत देईल, जास्त मिळालं तर नशीब. सोन्याच्या छोट्या अंगठीसाठी त्याच मातीत दहा-बारा सेंटिमीटर धरून चालावं. ५ ते ६ इंची कॉइल बारीक सोनं, जुन्या वाड्याचं आवार, कुंपणाच्या तारेजवळची जागा आणि खिळ्यांनी भरलेली जमीन यांसाठी. जुना वाडा पाडला तिथे चौरस फुटात पाच-सात खिळे सहज असतात. मोठ्या कॉइलखाली ते सगळे एकदम येतात आणि त्यांच्यामधली चांगली वस्तू झाकली जाते. छोटी कॉइल दोन खिळ्यांच्या मधल्या फटीत शिरते. लांबट, म्हणजे ५ बाय ८ किंवा ६ बाय १० इंची कॉइल हा मधला मार्ग, आणि गव्हाच्या धांड्यांतून तीच नीट फिरते.

१३ ते १५ इंची कॉइल कधी घ्यावी? मोठी वस्तू मोठ्या जागेत शोधायची असेल तेव्हा. ट्रॉलीची पिन, रोटाव्हेटरचं तुटलेलं पातं, कल्टिव्हेटरचा फाळ, गाडला गेलेला पाइपचा व्हॉल्व्ह, हद्दीचा लोखंडी खुंटा. या कामांत बारीक वस्तू न दिसणं हा फायदाच ठरतो. मोठी कॉइल दोन-तीनशे ग्रॅमने जड असते आणि ते वजन दांडीच्या टोकाला असतं, तासाभरात खांदा बोलू लागतो.

वेळेचा हिशोब कॉइल ठरवायला फार कामाचा आहे. मीटरभर रुंद पट्टा, एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायला एक सेकंद. सहा इंची कॉइल दर फेरीला दहा सेंटिमीटर पुढे सरकते, म्हणजे एका चौरस मीटरला दहा सेकंद. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, सरळ अकरा तास. ११ इंची कॉइल दर फेरीला सतरा सेंटिमीटर सरकली तर तोच एकर पावणेसात तासांत होतो. म्हणून अंगठी "शेतात कुठेतरी" हरवली असेल तर आधी मजुराबरोबर, घरच्यांबरोबर बसून जागा १० बाय १० मीटरपर्यंत आणावी. तेवढी जागा छोट्या कॉइलने, थांबून, आवाज तपासत पाऊण तासात नीट होते. जागा आवरत नसेल तरच ११ इंची.

कॉइल बदलताना काय जुळावं लागतं

प्लग बसला म्हणजे कॉइल जुळली असं नाही. बहुतेक मशिनांत पाठवणारं वेटोळं आणि आतला कपॅसिटर मिळून ठरावीक फ्रिक्वेन्सीवर सुरात लावलेले असतात. दुसऱ्या मॉडेलची कॉइल लावली की मशीन चालू होतं, आवाजही येतो, पण खोली निम्मी आणि आकडे भलतेच. पाच पिनांचा प्लग दोन वेगवेगळ्या मॉडेलना सारखा असणं हे अगदी सर्रास आहे, त्यावर जाऊ नये. कॉइलवर छापलेलं मॉडेलचं नाव आणि किलोहर्ट्झ दोन्ही पाहावेत.

काही मशिनांत मात्र कॉइलच फ्रिक्वेन्सी ठरवते. माइनलॅब एक्स-टेरा ७०५ ला ३, ७.५ आणि १८.७५ किलोहर्ट्झच्या वेगवेगळ्या कॉइल मिळत. तिथे दुसरी कॉइल घेताना मापाबरोबर फ्रिक्वेन्सीही निवडावी लागते, आणि दोन्ही एकाच फ्रिक्वेन्सीच्या घेण्यात अर्थ नाही. एक्सपी डिऊसच्या कॉइलमध्ये तर इलेक्ट्रॉनिक्स आणि बॅटरी दोन्ही आत असतात, वायर नसतेच. ती कॉइल घेणं म्हणजे अर्धं मशीन घेणं.

पल्स इंडक्शन मशीनला किलोहर्ट्झचा हा हिशोब लागू नाही. ते एक झटका देऊन थांबतं आणि धातूतले प्रवाह विरताना ऐकतं. जड मातीत ते खोल जातं, पण लोखंड आणि सोनं यांतला फरक फारसा सांगत नाही. इंदुरी शेतात, जिथे दर चार पावलांवर नालेचा खिळा आणि बांधकामाची तार, तिथे दिवसभर फक्त खोदकाम होईल. शिवाय बेसॉल्टी मातीत काही मातीच स्वतः उशिरापर्यंत "वाजत" राहते, त्यामुळे ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा जबाब वगळायची सोय, नसलेलं पल्स मशीन इथे घेऊच नये.

मीटरभर अंतरावर दोन पेट्या असलेलं टू-बॉक्स मशीन वेगळं काम करतं. ते हंड्याएवढी, पाइपाएवढी वस्तू मीटरभर खोलीवरही देऊ शकतं आणि मुठीपेक्षा लहान काहीच दाखवत नाही. "गुप्तधनाचं मशीन" म्हणून ते विकलं जातं. त्याच नावाखाली हातात धरायच्या फिरत्या दांड्याही विकल्या जातात, ज्या म्हणे किलोमीटरभरावरून सोन्याकडे वळतात. त्यांत वेटोळं नसतं आणि ओळखणारं सर्किटही नसतं. अशीच फिरती दांडी लावलेला एडीई ६५१ नावाचा "बॉम्ब डिटेक्टर" विकणाऱ्याला २०१३ साली ब्रिटनमध्ये १० वर्षांची शिक्षा झाली. ज्या उपकरणाला कॉइल नाही त्यावर पैसे घालवू नयेत.

शेतात लावताना

मशीन चालू केल्यावर पहिलं काम नॉइज कॅन्सल. कॉइल जमिनीपासून कमरेएवढी वर, स्थिर धरावी आणि बटण दाबून मशीनला मोकळा चॅनेल शोधू द्यावा. ११ केव्हीची लाइन, डीपी, बोअरवेलचा स्टार्टर, एलईडी फ्लड लाइट, खिशातला मोबाइल, हे सगळे गोंगाट करतात. दर सेकंदाला एकसारखा टिक्‌ आवाज येत असेल तर जवळपास कुंपणाचं झटका मशीन चालू आहे, मालकाला विचारून ते तासभर बंद करून घ्यावं. मोठी कॉइल हा गोंगाटही जास्त ओढते. दोघे जण एकाच फ्रिक्वेन्सीची मशिनं घेऊन आले असतील तर निदान पंधरा मीटर अंतर ठेवावं किंवा एकाने चॅनेल बदलावा.

मग ग्राउंड बॅलन्स. धातू नसलेली हातभर जागा शोधावी. बटण दाबून धरावं, कॉइल जमिनीला समांतर ठेवून गुडघ्याच्या उंचीपासून तीन-चार सेंटिमीटरपर्यंत सरळ खाली-वर करावी. आवाज वर जाताना आणि खाली येताना सारखा झाला की बटण सोडावं. शेत बदललं, नांगरट बदलली, पाणी दिलेला भाग आला की पुन्हा करावं. कारखान्यातून सेट होऊन आलेला बॅलन्स इथे चालत नाही. स्वस्त मशिनांत हे बटणच नसतं, आणि काळ्या मातीसाठी मशीन घेताना किलोहर्ट्झच्याही आधी हे बटण आहे का ते पाहावं.

एप्रिल-मेमध्ये जमीन भेगाळते. मशीन मातीशी बॅलन्स केलेलं असतं, भेगेवरून कॉइल गेली की माती एकदम "नाहीशी" होते आणि मशीन ओरडतं. आवाज भेगेच्या रेषेवरच, दोन्ही दिशांनी वेगळा आणि कॉइल आडवी वळवली की बदलणारा असेल तर खोदू नये. कॉइल जमिनीला न घासता चार-पाच सेंटिमीटर वर, एकाच उंचीवर फिरवली की हे बरंच कमी होतं.

काळे गोटे हे दुसरं फसवं प्रकरण. आवाज पसरट येतो आणि कॉइल पाच-सात सेंटिमीटर उचलली की एकदम मरतो. धातूचा आवाज उचलल्यावर बारीक होतो पण टिकतो. भाजलेली वीट, जुनी चूल, जळक्या कोळशाचे खंगर हेही वाजतात. भट्टीत भाजताना मातीतल्या लोहखनिजांचं रूप बदलतं, म्हणून विटेचा तुकडा आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळा दिसतो. वाड्याच्या पडक्या जागेत विटांचे मोठे तुकडे हाताने उचलून बाजूला केल्याशिवाय सुरुवात करू नये.

सोयाबीन निघाल्यावर, ऑक्टोबरमध्ये, आणि गहू निघाल्यावर मार्च-एप्रिलमध्ये शेत मोकळं मिळतं. पण गव्हाचे धांडे दहा सेंटिमीटर उभे असतील तर कॉइल तेवढी वर राहते, आणि अंगठीसाठी मिळणारी दहा-बारा सेंटिमीटरची खोली तिथेच संपते. शोधायची जागा आधी विळ्याने जमिनीलगत कापून घ्यावी. पावसाळ्यात चिखल कॉइल आणि तिच्या कव्हरच्या मध्ये साचतो. तो हलला की खोटे आवाज येतात. दर तासाला कव्हर काढून धुवावं, कोरडं करून लावावं.

जागा नेमकी पकडण्यासाठी डबल-डीची एक सोपी रीत आहे. वस्तूवर कॉइल छोट्या फेऱ्यांत डावी-उजवी हलवत हळूहळू मागे ओढावी. आवाज बंद झाला त्या क्षणी वस्तू कॉइलच्या पुढच्या टोकाखाली असते. तिथे बोट ठेवावं, मग खुरपं बाजूला लावावं, वरून नाही. नथीवर खुरपं वरून बसलं तर शोधण्याचा अर्थच गेला.

खोदण्याआधी कायदा माहीत हवा. जमीन आपली नसेल तर मालकाची परवानगी लेखी घ्यावी. संरक्षित स्मारकाच्या आवारात खोदकाम हा गुन्हा आहे, मांडू असो की गावाबाहेरची छत्री. १८७८ च्या इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्टप्रमाणे जमिनीत दडवलेला १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला तर काय, किती, कुठे आणि कधी सापडला हे कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कालच हरवलेली स्वतःची अंगठी यात येत नाही, पण नाण्यांचं गाडगं येतं.

कॉइलच बिघडली आहे का

मशीनबद्दलच्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी कॉइलच्या वायरच्या असतात. वायर दांडीभोवती घट्ट गुंडाळावी, कॉइलजवळ फक्त कॉइल वाकवण्यापुरती ढील ठेवावी. खाली लोंबणारी वायर हलली की मशीन तिलाच धातू समजतं. कॉइलचा बोल्ट तुटला तर इंदूरच्या सियागंज बाजारातून नायलॉनचाच आणावा, लोखंडी बोल्ट लावला की कॉइलचा समतोल ढळतो. रबरी वॉशर विसरू नयेत. ते नसले की कॉइल डुलते आणि कसून आवळताना तिचे प्लास्टिकचे कान तडकतात.

मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत तापलेली कॉइल आतला इपॉक्सी फुगल्याने दोन्ही वेटोळ्यांचा समतोल सोडते. मशीन हवेतच ओरडू लागतं. सावलीत अर्धा तास ठेवून पुन्हा बॅलन्स करावं. थंड झाल्यावरही ओरडत असेल तर वायर तपासावी.

जुनी कॉइल विकत घेताना पैसे देण्याआधी हे करून पाहावं. कॉइल लावून हवेत स्थिर धरावी, मशीन गप्प राहायला हवं. कॉइलच्या वरच्या बाजूवर, खालच्या बाजूवर आणि कडेवर बोटाच्या टोकाने हलकेच टकटक करावी. आवाज आला तर आतलं वेटोळं सुटलं आहे, ती कॉइल दुरुस्त होत नाही. वायर प्लगजवळ आणि कॉइलजवळ वाकवून पाहावी. प्लगजवळ वाकवल्यावर आवाज तुटत असेल तर नवा प्लग लावून काम भागतं, इंदूरच्या जेल रोडवरचा कुठलाही बरा सोल्डरिंगवाला करून देईल. कॉइलजवळ वाकवल्यावर तुटत असेल तर सौदा सोडावा. मल्टिमीटर असेल तर प्लगच्या पिनांमध्ये दोन अखंड जोड्या मिळतात का पाहावं. पाठवणाऱ्या वेटोळ्याचा रोध साधारण थोडक्या ओहमचा, पकडणाऱ्याचा त्याहून बराच जास्त. एखादी जोडी अनंत दाखवत असेल तर वेटोळं किंवा वायर तुटलेली आहे. शेवटी एक रुपयाचं नाणं नाही, सोन्याची अंगठी कॉइलसमोरून फिरवावी: अकरा इंची चांगली कॉइल हवेत ती वीतभर अंतरावरून तरी सांगते.